पिंजऱ्याचा नट: ६ की ६.३५?

"मामा, नट संपला."

"संपला म्हणजे?"

"म्हणजे त्याची ड्युरॅबिलिटी गेली. झिरो."

एप्रिलचा दुसरा आठवडा. भाच्याची दहावीची परीक्षा आटोपलेली, त्यामुळे त्याच्या तोंडी दिवसभर गेमचीच भाषा. पण फोनवर त्याच्या मागून भावोजींचा आवाज येत होता आणि तो काही खेळातला नव्हता. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ताईच्या सासरी काजूचं भाट, म्हणजे बाग आहे, शिवाय लिलावात घेतलेला झोन, म्हणजे काजूचा पट्टा. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पिळायचा पिंजरा ऐन हंगामात बंद पडला होता. बोंडू एकदा झाडावरून गळला की दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघवत नाही. म्हणून घरातले दोघे-तिघे पुन्हा जुन्या पद्धतीने दगडी कुंडात उतरून पायांनी मळत होते, आणि मळून होतील त्याच्यापेक्षा जास्त बोंडू रोज डोंगरावरून खाली येत होते.

मी डिचोलीत छोटं वर्कशॉप चालवतो. एक जुना लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन), एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर. ट्रकचे बुश, पंपाचे शाफ्ट, असली कामं. पिंजऱ्याचा एक नट करायला मला खरं तर दोन दिवस पुरायला हवे होते. लागले सहा. त्यातले चार कुठे गेले, तेच इथे लिहितो आहे.

ज्यांनी पिंजरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खाली रसाला वाट असलेला चौथरा, त्यावर पट्ट्यांचा गोल किंवा चौकोनी पिंजरा, त्यात बोंडू. दोन उभे खांब, त्यांच्यावर आडवा चॅनेल. चॅनेलच्या मधोमध नट बसवलेला, आणि त्या नटातून खाली उतरणारा मनगटाएवढा जाड स्क्रू. स्क्रूच्या डोक्याला लांब दांडा. दोन माणसं दांडा फिरवतात, स्क्रू खाली येतो, फळी बोंडूंवर दाब देते आणि रस पाझरतो. तोच रस पुढे आंबतो आणि भट्टीवर चढून हुर्राक आणि फेणी होतो.

एका माणसाने वीस किलोचा जोर दोन फुटांच्या दांड्यावर लावला तर एका फेऱ्यात त्याचा हात पावणेचार मीटर फिरतो आणि स्क्रू जेमतेम सहा मिलिमीटर खाली सरकतो. कागदावर हा सहाशे पटींचा फायदा. त्यातला तीन चतुर्थांश घर्षणात जातो असं धरलं तरी फळीवर तीन टनांचा दाब राहतो. एवढा सगळा दाब पेलला जातो तो नटातल्या आट्यांवर.

आता भाच्याकडे वळू. मी पोचलो तेव्हा त्याच्याकडे योजना तयार होती. गावात मेस्त आहेत, लोहार. त्यांच्याकडे भाता आहे, ऐरण आहे. लोखंड आहे, कोळसा आहे. मग नट का होणार नाही? त्याचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. तो ज्या शाळेत शिकला तिथे ते बरोबर होतं. माइनक्राफ्टमध्ये लोखंडाचा कच्चा गोळा भट्टीत टाकला की दहा सेकंदांत वीट तयार. कोळशाच्या एका तुकड्यावर आठ विटा. तीन विटा आणि दोन काठ्या जागेवर मांडल्या की लोखंडी कुदळ, जी अडीचशे घाव चालते आणि मग नाहीशी होते. ऐरण हवी तर एकतीस विटा. सगळं मोजून मिळतं.

मला या खेळाचं एक आवडतं. पोराला कळलेलं असतं की हत्याराच्या आधी हत्यार लागतं: आधी लाकडी, मग दगडी, मग लोखंडी. आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल तेवढीच आहे. आणि खनिज म्हणजे काय हे डिचोली-सत्तरीच्या पोरांना सांगावं लागत नाही. २०१२ला खाणी थांबेपर्यंत त्यांच्या बापांनी लाल धुळीतून ट्रक हाकले, बार्जी मांडवीतून मुरगाव बंदराकडे जाताना पाहिल्या. पण खनिजापासून वीट आणि विटेपासून वस्तू, या दोन पायऱ्या खेळात जितक्या सोप्या आहेत तितक्या भट्टीजवळ नाहीत. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. कोळशाच्या जुन्या देशी भट्ट्यांमध्ये ते वितळायचंच नाही, राखेसारख्या मळाने भरलेला स्पंजासारखा गोळा निघायचा आणि तो ठोकून ठोकून मळ बाहेर काढावा लागायचा.

मेस्तांनी मात्र त्याला एका वाक्यात परत पाठवलं होतं. "कोयतो अर्दें बोट चुकलो तरी चलता. हें चलचें ना. ताका लेथ जाय."

जुना नट काय सांगत होता

नट काढून हातात घेतला. आतून गुळगुळीत, पाइपाचा तुकडा असावा तसा. आटे झिजले नव्हते, सोलून निघाले होते. भाच्याच्या खिशात पुरावा होता: स्प्रिंगसारखी गोल वळलेली पोलादी तार, स्क्रूच्या खोबणीत अडकलेली त्याला सापडली होती. ती तार म्हणजेच नटाचे आटे. दाबाखाली नटाच्या भिंतीपासून तुटून सलग बाहेर आले होते.

कारणं तीन दिसली. पहिलं, नट साध्या पोलादाचा होता आणि स्क्रूसुद्धा पोलादाचा. पोलादावर पोलाद दाबाखाली घासलं की पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, ओरबाडतात. म्हणून अशा ठिकाणी नट मुद्दाम मऊ धातूचा करतात, ब्रॉन्झचा किंवा बिडाचा. झिजायचं तर त्याने झिजावं, कारण नट बदलणं सोपं आणि स्क्रू बदलणं महाग. हा नट आधी कुणीतरी घाईत करून दिला होता. कुणी, ते विचारू नका. धंद्यातल्या माणसाचं नाव असं उघड्यावर घेत नाहीत.

दुसरं, रसात ग्रीस पडेल या भीतीने स्क्रू कोरडा ठेवलेला. भीती खरी होती, उपाय चुकीचा. बोंडूचा रस आंबट आणि तुरट. तुरटपणा टॅनिनचा, आणि टॅनिन लोखंडाला लागलं की काळं पडतं. उडालेल्या थेंबांनी खोबणी खरखरीत झाल्या होत्या.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त खटकलं. नटाची कॉलर, म्हणजे बाहेर आलेली रुंद कड, चॅनेलच्या वर ठेवून चार बोल्टांनी आवळलेली होती. स्क्रू खाली दाबतो तेव्हा नट वर ढकलला जातो. म्हणजे तीन टनांचा धक्का चार बोल्टांवर. बोल्ट ताणले होते, नट एका बाजूने उचलला गेला होता, आणि वाकडा बसलेला नट सगळा भार दोन-तीन आट्यांवर टाकतो. कॉलर चॅनेलच्या खालून टेकली असती तर भार थेट चॅनेलने घेतला असता आणि बोल्टांचं काम नट फिरू न देण्यापुरतं राहिलं असतं. खेळात असल्या बिघाडाला जागाच नाही. वस्तू कुठल्या तोंडाने बसवली याने तिचं आयुष्य बदलत नाही.

दोन तांबं, एक कथील

नट ब्रॉन्झचा करायचा ठरला तेव्हा भाचा खुशीत आला, कारण ब्रॉन्झची कृती त्याला पाठ होती. व्हॅलहाइम नावाच्या खेळात दोन भाग तांबं आणि एक भाग कथील मिळून ब्रॉन्झ होतं. ब्रॉन्झच्या एका कांडीतून वीस खिळे.

इथे त्याला थांबवावं लागलं, आणि त्यात आमचा अर्धा तास गेला. तो अर्धा तास वाया गेला असं मी मानत नाही.

यंत्राच्या बुशांसाठी जे ब्रॉन्झ वापरतात त्यात कथील साधारण दहा टक्के असतं. बारापर्यंत जाईल. कथील वाढवत नेलं की धातू कडक होतो आणि ठिसूळही. वीस-बावीस टक्क्यांपर्यंत गेलं की ते कासं: घंटेचं, टाळांचं, आजीच्या कांस्याच्या ताटाचं. ताट हातातून पडलं तर कधी कधी तडकतं ते याच कारणाने, आणि टाळ वाजतो तोही याच कारणाने. आणि एक तृतीयांश कथील, म्हणजे भाच्याची कृती, हे आरशाचं मिश्रण. काचेचे चांगले आरसे येण्याआधी दुर्बिणींत असल्याच धातूचे आरसे असायचे. केरळातले आरन्मुळाचे धातूचे आरसेसुद्धा भरपूर कथील असलेल्या मिश्रधातूचेच. पांढुरका, चकचकीत, आणि हातोडीच्या एका ठोक्यात बशीसारखा फुटणारा.

"म्हणजे व्हॅलहाइमचा नट केला तर?"

"तोंड बघायला उपयोगी पडेल."

तो हसला नाही. मग त्याने विचारलं ते मला आवडलं: खेळवाल्यांनी दोनाला एक का ठेवलं? मी म्हटलं, नऊ कांड्या तांबं आणि एक कथील वाहून नेत बसलास तर खेळशील कधी?

भंगारवाल्याकडे गनमेटलचा जाड तुकडा मिळाला. तो घेतला. गनमेटलच्या एका सर्रास मिळणाऱ्या प्रकारात तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी पाच टक्के असतं. शिसं हा शब्द मी मनात ऐकला होता. रसाच्या बरोबर वर शिसं असलेला नट. खाली पत्र्याची ताटली बसवू, थेंब पडणार नाही, असं स्वतःला समजावलं आणि पुढे गेलो. घाई होती.

सहाचा घोळ

स्क्रू मशीनवरच राहिला होता. तो उतरवायचा तर अर्धा पिंजरा मोडावा लागला असता. म्हणून मी नट घेऊन डिचोलीला आलो आणि भाच्याला व्हर्निअर देऊन ठेवला: बाहेरचा व्यास घे, आणि एका आट्याच्या कडेपासून पुढच्या आट्याच्या त्याच कडेपर्यंतचं अंतर घे. रात्री व्हॉट्सॲपवर फोटो आले. व्यास ३८. अंतर एका फोटोत ६.१, दुसऱ्यात ६.२. खाली त्याचा निकाल: "मामा, ६ आहे. घासल्यामुळे थोडं इकडेतिकडे."

मी मान्य केलं. पोराच्या डोक्यावर खापर फोडायचं नाही, कारण मी मान्य करायला माझ्याकडे स्वतःचं एक लाडकं कारण होतं. घरात सगळे सांगत आले होते की पिंजरा पोर्तुगीज राजवटीतला आहे. आणि पोर्तुगाल हा मीटरवाला देश. १८७५च्या मीटर करारावर सह्या करणाऱ्या पहिल्या सतरा देशांत तो होता. घाटापलीकडच्या मुलखात इंच, फूट, शेर, मण चालू होते तेव्हा गोव्यात कायद्याने किलो आणि मीटर होते. भारताचा मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा, गोवा मुक्त झाला १९६१च्या १९ डिसेंबरला. तेव्हा पोर्तुगीज काळातला स्क्रू म्हणजे मिलिमीटर, मिलिमीटर म्हणजे पूर्ण आकडा, पूर्ण आकडा म्हणजे सहा. किती सुबक तर्क! इतिहास पाठ असला की मोजायचा कंटाळा येतो, तसं झालं.

आता माझ्या लेथची अडचण. तो इंचाच्या घरातला आहे. त्याच्या लीड स्क्रूला, म्हणजे टूल पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूला, एका इंचात चार आटे. अशा लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दातांचं गिअर लागतं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला पाचने गुणलं की १२७, पहिला पूर्ण आकडा, आणि १२७ला दुसऱ्या कशाने भाग जात नाही, म्हणून लहान गिअरवर भागवता येत नाही. सहा मिलिमीटरसाठी १२० दातांचं चालवणारं आणि १२७चं चालणारं. हे थाळीएवढं चाक शोधून, धुऊन, बसवून संध्याकाळ झाली.

त्यात आणखी एक जाच. अशा वेळी हाफ नट, म्हणजे टूल धरणाऱ्या कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारी पकड, उघडता येत नाही. एरवी एक कट झाला की हाफ नट सोडायचा, कॅरेज हाताने मागे न्यायची आणि ठरल्या खुणेवर पुन्हा पकडायची. इथे सोडला की खोबण पुन्हा सापडत नाही. म्हणून दर कटनंतर टूल बाहेर काढून मशीनच उलटी फिरवायची. चौकोनी आट्याची खोली पिचच्या, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराच्या निम्मी: तीन मिलिमीटर. आतल्या बाजूचं काम, लांब बोअरिंग बार, त्याच्या टोकाला छोटा हायस्पीड स्टीलचा बिट. एका कटला पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त घेतलं की बार थरथरतो. साठ-पासष्ट वेळा पुढे, साठ-पासष्ट वेळा मागे. शनिवारी सकाळी नट तयार झाला. दिसायला देखणा होता.

पिंजऱ्यावर नेला. स्क्रूवर चढवला. पहिला वळसा लोण्यासारखा गेला. दुसऱ्याला जड झाला. दीड वळशावर थांबला तो थांबलाच.

भावोजी काही बोलले नाहीत. कुंडात मळणाऱ्यांपैकी एकाने वर पाहिलं आणि पुन्हा मळायला लागला.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. स्क्रूचा वरचा भाग, जो नटातून कधी गेलाच नव्हता आणि म्हणून घासला नव्हता, तो रॉकेलने पुसला. पोलादी पट्टी लावली. एक आटा नाही मोजला, दहा मोजले. ६३.५ मिलिमीटर. पट्टी उलटी केली, इंचाची बाजू वर आली. एका इंचात चार आटे, बरोबर रेघेवर. पिच ६.३५. व्यास दीड इंच, ३८.१. एकेका आट्यामागे ३५ शतांशांचा फरक. व्हर्निअरवर दुर्लक्ष करण्याइतका छोटा, पण नटात साडेनऊ आटे बसतात आणि फरक प्रत्येक आट्यागणिक साचत जातो. दुसऱ्या आट्यालाच जागा संपते.

पिंजरा पोर्तुगीज काळातला असेलही. स्क्रू मात्र घाटावरून आलेला असावा, बेळगावकडच्या एखाद्या वर्कशॉपमधून. आणि तसं पाहिलं तर इंच गोव्यात फार आधी शिरला होता. मुरगावपासून घाटापर्यंतची रेल्वे १८८०च्या दशकात इंग्रज कंपनीनेच बांधली, पोर्तुगीज जमिनीवर.

त्या संध्याकाळी भाच्याला बाल्टिमोरची गोष्ट सांगितली, कारण तो स्वतःला खात बसला होता. १९०४च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या त्या शहराला मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले आणि त्यांतल्या कित्येकांचे पाइप बाल्टिमोरच्या नळांवर बसेनात. आटे वेगळे. पाणी होतं, पाइप होते, माणसं होती. सगळं साहित्य हजर.

"म्हणजे इन्व्हेंटरी फुल होती," तो म्हणाला.

कानशीचं टूल

शनिवारी रात्रीच दुसरा नट धरला. गनमेटल संपलं होतं. ओळखीच्या एका पंपवाल्याकडे फॉस्फर ब्रॉन्झचा जाड बुश पडून होता, तो मिळाला. तांबं आणि कथील, शिसं नाही. चूक झाली नसती तर रसावर शिसं असलेला नट लटकला असता, हे मनाशी कबूल केलं. गिअर बदलले आणि मग हसू आलं. लीड स्क्रूला इंचात चार आटे, नटालाही इंचात चार. एकास एक. असं असलं की हाफ नट कुठेही सोडा, कुठेही पकडा, टूल आपल्याच खोबणीत उतरतं. १२७ नको, उलटी मशीन नको. स्क्रू माझ्या लेथच्याच गोत्राचा होता आणि मी त्याला परका समजून दोन दिवस घालवले होते.

हसण्याच्या भरात एक कट जास्त घेतला. टिक् असा बारीक आवाज आला. बिट मोडला.

रविवार उजाडला. माझ्याकडे तेवढ्या मापाचा दुसरा बिट नव्हता आणि दुकानं बंद. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, मेस्तांना विचारू? नट नाही, टूल."

हे मला सुचायला हवं होतं. हायस्पीड स्टील येण्याआधी टर्नर आपली टूलं लोहाराकडूनच घडवून घ्यायचे. मेस्तांनी कोपऱ्यातून बोथट झालेली जुनी कानस काढली. कानशीत कार्बन भरपूर, सव्वा टक्क्याच्या आसपास. म्हणून ती पाणी घेते, म्हणजे तापवून विझवली की कडक होते. साध्या सळईला कितीही तापवा-विझवा, ती तशीच राहते. भाच्याला हे नवीन होतं. त्याच्या खेळात लोखंड म्हणजे लोखंड.

आधी मेस्तांनी कानस लाल करून राखेत हळूहळू निवू दिली. मऊ झाली. मग पुन्हा तापवून टोक ओढलं, काटकोनात वाकवलं. भाता फिरवायला भाचा. मी ग्राइंडरवर धार केली: टोकाची रुंदी सव्वातीन मिलिमीटर, आणि कडांना उतार. आटा हा उतरता रस्ता आहे, त्याचा चढ इथे साडेतीन अंशांच्या आसपास. टूलची पुढची बाजू त्याहून जास्त कापलेली नसेल तर ती कापत नाही, घासते.

मग विझवणं. मेस्तांनी लोहचुंबक दोरीला बांधून ठेवलं होतं. तापलेलं टोक त्याच्याजवळ न्यायचं, ओढलं गेलं तर परत भट्टीत. ७७० अंशांच्या सुमाराला लोखंडाची ओढ सुटते. ती सुटली की आणखी जरासं तापवायचं आणि तेलात. हे लोहचुंबक पाहून मी चकित झालो, कारण त्यांच्या वडिलांच्या काळी ते नव्हतं, नुसत्या डोळ्यावर चालायचं. "दोळे म्हातारे जाले," ते म्हणाले.

विझवलेलं टूल काचेसारखं कडक असतं आणि काचेसारखंच मोडतं. म्हणून उतरवावं लागतं. टोक घासून पांढरं केलं आणि मागचा भाग हळूहळू तापवायला लागलो. उष्णता पुढे सरकते तसा रंग सरकतो: आधी फिकट पिवळा, मग गवताच्या काडीसारखा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. गवताचा रंग २३० अंशांच्या जवळपास, निळा ३००च्या. कापणाऱ्या टोकाला काडीचा रंग हवा. छिन्नीला जांभळा चालतो, कारण तिला ठोके खायचे असतात. रंग टोकापाशी आला त्या क्षणी मेस्तांनी टूल पाण्यात बुडवलं. भाचा श्वास रोखून उभा होता. त्याने आयुष्यात शेकडो हत्यारं केली आहेत, सगळी पडद्यावर, आणि एकाचाही रंग त्याला पाहावा लागला नव्हता.

असल्या टूलला एक मर्यादा आहे. कापताना ते अडीचशे अंशांच्या वर तापलं की उतरवलेलं पाणी आणखी उतरतं आणि धार बसते. हायस्पीड स्टील सहाशेपर्यंत टिकतं. म्हणून मी चक, म्हणजे नट धरून फिरवणारा भाग, मिनिटाला तीस-पस्तीस फेऱ्यांवर ठेवला आणि दर कटला तेल. ब्रॉन्झ, हळू गती, ताजी धार. सोमवारी दुपारपर्यंत नट झाला. मध्ये एकदाच धार काढावी लागली.

कॉलरच्या बोल्टांचं काम भाच्याकडे दिलं. चॅनेलमधली जुनी भोकं ताणून अंडाकृती झाली होती, म्हणून खालून जाड प्लेट वेल्ड केली आणि तीत एम १०चे, म्हणजे दहा मिलिमीटरच्या बोल्टांचे, चार आटे पाडायचे होते. त्याने दहाचा ड्रिल उचलला. मी नुसतं पाहिलं. त्याने ड्रिल खाली ठेवला, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "दहाचं भोक पाडलं तर आटा पाडायला काय उरेल?" पिच दीड, म्हणून ड्रिल साडेआठचा. मग भोकात आटे पाडणाऱ्या तीन टॅपांचा संच: एका रेघेचा पहिला, दोन रेघांचा दुसरा, बिनरेघेचा शेवटचा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून पडतो. मागे फिरवताना किसाचा कट्ट असा आवाज येतो तो त्याला फार आवडला. चौथ्या भोकाला टॅप जरा तिरका धरला होता, पण दोन फेऱ्यांतच गुण्या लावून त्याने स्वतःच पकडलं.

बसवल्यानंतर

मंगळवारी सकाळी नट खालून बसवला. कॉलर प्लेटला टेकलेली, बोल्ट नुसते धरून. खाली स्टीलची ताटली, स्क्रूला खोबरेल. आता ग्रीसऐवजी तेच लावतात, रोज सकाळी. स्क्रू पूर्ण लांबीभर फिरला. मधल्या भागात नट किंचित ढिला वाटतो, कारण तिथे स्क्रू वर्षानुवर्षं घासला आहे, वरच्या टोकाला घट्ट. दांडा सोडून दिला तरी फळी जागच्या जागी राहते, स्क्रू उलटा फिरत नाही. चढ साडेतीन अंशांचाच असल्याने घर्षण त्याला धरून ठेवतं. पुढचा भारा येईपर्यंत माणसं विडी ओढू शकतात.

हिशेबात धातूचे दोन तुकडे, मोडलेला बिट, माझे सहा दिवस. घरचंच काम, त्यामुळे माझे दिवस कुणी मोजले नाहीत. मेस्तांनी पैसे घेतले नाहीत. पहिल्या धारेच्या फेणीची बाटली मात्र घेतली, आणि कानशीचं टूल परत मागितलं. ते आता त्यांच्या भट्टीशेजारी खिळ्याला टांगलेलं आहे.

मेअखेरीस हंगाम संपल्यावर मी नट उघडून पाहिला. आटे तकतकीत, ओरखडा नाही. पण स्क्रूचा मधला भाग असाच राहिला तर दोन-तीन हंगामांत नवा नटही ढिला होईल, तेव्हा पावसाळ्यात नवा स्क्रू करायचं भावोजींशी ठरलं. भाच्याला हे कळल्यावर त्याचा फोन आला. पहिला नट, सहा मिलिमीटरचा, गनमेटलचा, माझ्या बेंचवर कागदाच्या गठ्ठ्यावर ठेवलेला आहे हे त्याच्या लक्षात होतं.

"मामा, स्क्रू नवाच करायचा तर सहाचा कर ना. म्हणजे तो नट वाया जाणार नाही."

मी म्हटलं, त्यात शिसं आहे. तो म्हणाला, ताटली आहे की, आणि पंचायत नको असेल तर सहाचाच नवा ब्रॉन्झचा नट आपण दोघं करू, मी सुट्टीत येतो. त्याला १२७चं गिअर फिरताना पाहायचं आहे, हे खरं कारण. अकरावीला विज्ञान घेऊ की आयटीआयला टर्नर, यावर त्याच्या घरी सध्या वाद चालू आहे आणि मला त्यात पडायचं नाही.

मी अजून हो म्हटलेलं नाही. गिअर मात्र पुसून, तेल लावून ठेवलं आहे.